प्रकरणं आणि उपप्रकरणांचे क्रमांक अनुक्रमणिकेत आपोआप कसे आणायचे? समजून घ्या सोप्या पायऱ्यांत

प्रबंध लिहून झालाय. गाइडची सही उद्या मिळणार आहे. बाइंडिंगवाल्याने 'संध्याकाळपर्यंत फाइल द्या' असं सांगितलंय. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, "दुसऱ्या प्रकरणानंतर एक छोटं प्रकरण हवं होतं."

नवं प्रकरण लिहायला दोन तास पुरतात. पण त्यानंतर तिसऱ्याचं चौथं होतं, ३.१ चं ४.१ होतं, पानं पुढे सरकतात आणि अनुक्रमणिकेतली प्रत्येक ओळ चुकीची ठरते.

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधात माझं हेच झालं होतं. टिंबांवर टिंबं देऊन अनुक्रमणिका हाताने टाइप केली होती. शेवटच्या रात्री सगळे क्रमांक बदलले, फक्त एक उपप्रकरण जुन्याच क्रमांकाने राहिलं आणि पानांचे आकडे तपासायला वेळच उरला नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी अनुक्रमणिका बघून पान उघडलं, तर तिथे भलताच मजकूर! मजकुरात काही चूक नव्हती, पण पुढची पाच मिनिटं चर्चा फक्त पानांचीच झाली.

खरं तर हे सगळं काम वर्ड स्वतः करतं. आपण फक्त त्याला योग्य गोष्ट सांगायची असते. ती कोणती, हे पाहूया.

अनुक्रमणिका आणि सूची यात फरक काय?

अनुक्रमणिका पुस्तकाच्या सुरुवातीला येते. प्रकरणं ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने त्यांची नावं आणि पानं तिथे दिलेली असतात. सूची पुस्तकाच्या शेवटी येते आणि ती अकारविल्हे असते. इंग्रजी मेनूमध्ये अनुक्रमणिकेला 'टेबल ऑफ कंटेंट्स' म्हणतात, तर सूचीला 'इंडेक्स'. मराठीत बोलताना आपण अनुक्रमणिकेलाही सर्रास 'इंडेक्स' म्हणतो. त्यामुळे अनेक जण वर्डमध्ये 'इन्सर्ट इंडेक्स' दाबतात आणि गोंधळतात. आपल्याला हवा आहे तो 'टेबल ऑफ कंटेंट्स'.

२.९ नंतर २.१० कसं?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. गणितात २.१० म्हणजे २.१, आणि ते २.९ पेक्षा लहान. पण प्रकरणांच्या क्रमांकातला बिंदू दशांशचिन्ह नसतो. तो दोन वेगळ्या मोजण्या वेगळ्या ठेवणारा बिंदू असतो.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. गीतेच्या श्लोकाचा उल्लेख '२.४७' असा करतात, तेव्हा त्याचा अर्थ दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक असाच असतो. दुसऱ्या अध्यायात ७२ श्लोक आहेत, म्हणजे २.९ नंतर २.१० येणारच. प्रबंधातलं २.१० म्हणजे दुसऱ्या प्रकरणातलं दहावं उपप्रकरण.

याबाबत आंतरराष्ट्रीय मानकही आहे. १९७८ च्या आयएसओ २१४५ नुसार प्रत्येक पातळीला अंक द्यायचा आणि दोन पातळ्यांच्या मध्ये बिंदू द्यायचा. शेवटच्या अंकानंतर मात्र बिंदू नाही. म्हणजे '२.१' बरोबर, '२.१.' नाही. तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील तर अर्थातच ते पाळा.

चूक नेमकी कुठे होते?

आपण 'प्रकरण २ : संशोधन पद्धती' असं टाइप करतो, अक्षरं मोठी आणि ठळक करतो, ओळ मध्यभागी आणतो. माणसाला लगेच कळतं की हे शीर्षक आहे. संगणकाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने ती फक्त मोठ्या, ठळक अक्षरांतली एक ओळ असते आणि तिच्यातला '२' हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर.

त्यामुळे या सगळ्या कामाचं सूत्र एकच आहे : क्रमांक टाइप करायचा नाही. ही ओळ प्रकरणाचं नाव आहे की उपप्रकरणाचं, एवढंच संगणकाला सांगायचं. मोजणं, क्रमांक देणं आणि पान शोधणं ही त्याची कामं.

पुढच्या पायऱ्या संगणकावरच्या मायक्रोसॉफ्ट वर्डसाठी आहेत. हे काम मोबाइलवर करायला जाऊ नका.

पायरी १ : शीर्षकांना 'हेडिंग' स्टाइल द्या

'होम' टॅबवर उजवीकडे स्टाइल्सचे चौकोन दिसतात. त्यात 'हेडिंग १', 'हेडिंग २' अशी नावं असतात.

- प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा आणि 'हेडिंग १' निवडा.
- उपप्रकरणाच्या नावाला 'हेडिंग २' द्या.
- त्याखालच्या मुद्द्याला 'हेडिंग ३' द्या.

कंट्रोल आणि ऑल्ट दाबून १, २ किंवा ३ दाबलं तरी हेच होतं. 'हेडिंग ३' दिसत नसेल तर घाबरू नका. 'हेडिंग २' एकदा वापरलं की बऱ्याचदा ते आपोआप यादीत येतं.

स्टाइल दिल्यावर अक्षरं निळी किंवा वेगळ्याच फॉन्टमध्ये दिसली तर प्रत्येक शीर्षक वेगळं दुरुस्त करत बसू नका. 'हेडिंग १' च्या चौकोनावर राइट क्लिक करा, 'मॉडिफाय' उघडा आणि रंग, आकार, फॉन्ट तिथे एकदाच ठरवा. सगळी प्रकरणं एकदम बदलतील.

मग 'व्ह्यू' टॅबमधला 'नॅव्हिगेशन पेन' सुरू करा. डावीकडे प्रबंधाचा सांगाडा दिसेल. एखादं प्रकरण तिथे नसेल, तर त्याला स्टाइल द्यायची राहिली आहे. रिकामी ओळ दिसत असेल, तर एखाद्या मोकळ्या ओळीला चुकून हेडिंग लागलं आहे.

पायरी २ : क्रमांक स्टाइलला जोडा

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. ते एकेका शीर्षकावर जाऊन साध्या नंबरिंगचं बटण दाबतात. त्यामुळे १, २, ३ असे आकडे येतात, पण १.१ आणि १.२ चं नातं तयार होत नाही.

बरोबर रस्ता असा :

१. पहिल्या प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा.

२. 'होम' टॅबवर बुलेट आणि नंबरिंगच्या शेजारचं तिसरं बटण, म्हणजे 'मल्टिलेव्हल लिस्ट', उघडा.

३. तिथल्या नमुन्यांपैकी ज्याच्यात आकड्यांसोबत 'हेडिंग १, हेडिंग २, हेडिंग ३' असे शब्द दिसतात, तो निवडा. नुसते आकडे असलेला नमुना नको.

एवढ्यावर सगळ्या प्रकरणांना १, २, ३ आणि उपप्रकरणांना १.१, १.२ असे क्रमांक लागतात. आधी हाताने टाइप केलेले क्रमांक आता दुहेरी दिसतील, उदाहरणार्थ '२.१ २.१ नमुना निवड'. त्यातले हाताने टाइप केलेले काढून टाका. ओळखायचं कसं? आपोआप आलेल्या क्रमांकावर क्लिक केलं की तो करडा होतो, पण त्याच्या मध्ये कर्सर जात नाही.

'प्रकरण १' असं हवं असेल तर?

मराठी प्रबंधात नुसता '१' चालत नाही, 'प्रकरण १' लागतं. पुन्हा 'मल्टिलेव्हल लिस्ट' उघडा आणि खालचं 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' निवडा. चौकटीत खाली डावीकडे 'मोअर' बटण असतं, तेही दाबा.

- डावीकडे पातळी १ निवडा. 'लिंक लेव्हल टू स्टाइल' मध्ये 'हेडिंग १' असल्याची खात्री करा.
- क्रमांकाच्या रकान्यात करड्या रंगाचा अंक दिसेल. त्याच्या आधी 'प्रकरण' लिहून एक जागा सोडा. तो करडा अंक पुसून स्वतः '१' टाइप करू नका, नाहीतर प्रत्येक प्रकरण 'प्रकरण १' होईल.
- पातळी २ निवडून ती 'हेडिंग २' ला जोडा. रकान्यात दोन करडे अंक आणि मध्ये बिंदू हवा. पहिला अंक गायब असेल तर रकाना रिकामा करा, 'इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम' मधून पातळी १ निवडा, बिंदू द्या आणि मग 'नंबर स्टाइल फॉर धिस लेव्हल' मधून अंकाचा प्रकार निवडा.
- पातळी ३ साठीही हेच करा.

'प्रकरण' हा शब्द फक्त पहिल्या पातळीवर राहतो. उपप्रकरण १.१ असंच दिसतं, 'प्रकरण १.१' असं होत नाही.

पहिल्या पातळीला रोमन अंक दिले असतील तर उपप्रकरणातही रोमन अंक शिरतो. तो नको असेल तर पातळी २ निवडून 'लीगल स्टाइल नंबरिंग' वर खूण करा.

पायरी ३ : अनुक्रमणिका टाका

ज्या पानावर अनुक्रमणिका हवी तिथे कर्सर ठेवा. 'रेफरन्सेस' टॅबमधल्या 'टेबल ऑफ कंटेंट्स' वर जा आणि 'ऑटोमॅटिक' नमुना निवडा. क्रमांक, नाव, टिंबं आणि पान असं सगळं एका क्लिकमध्ये येतं. वर 'कंटेंट्स' असं लिहून येईल, तिथे 'अनुक्रमणिका' टाइप करा.

'प्रकरण १' आणि प्रकरणाचं नाव एकमेकांना चिकटलं किंवा ओळी वाकड्या दिसल्या तर 'कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स' उघडा. तिथल्या 'मॉडिफाय' मध्ये 'टीओसी १', 'टीओसी २' अशा स्टाइल असतात. अनुक्रमणिकेतल्या ओळींचं रूप त्या ठरवतात. तिथे टॅबची जागा थोडी पुढे नेली की ओळी सरळ होतात. याच चौकटीत किती पातळ्या दाखवायच्या तेही ठरवता येतं. तीन पुरेशा असतात. '२.३.१.४' पर्यंत गेलात, तर अनुक्रमणिकाच पाच पानांची होईल.

पायरी ४ : अपडेट करायला विसरू नका

अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पण प्रत्येक बदलानंतर ती स्वतःहून ताजी होत नाही. तिच्यावर क्लिक करून एफ९ दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. वर्ड दोन पर्याय देतं : फक्त पानांचे आकडे बदला, किंवा 'अपडेट एंटायर टेबल'. नवं प्रकरण आलं असेल किंवा नाव बदललं असेल तर दुसराच पर्याय हवा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. अनुक्रमणिकेतली चूक अनुक्रमणिकेत दुरुस्त करू नका. पुढच्या अपडेटला ती दुरुस्ती पुसली जाते. मूळ शीर्षक दुरुस्त करा आणि मग अपडेट करा.

मजकुरात 'पाहा ३.२' असे उल्लेख असतील तर तेही हाताने लिहू नका. 'रेफरन्सेस' मधल्या 'क्रॉस रेफरन्स' मध्ये 'हेडिंग' आणि मग 'हेडिंग नंबर' निवडा. पुढे ३.२ चं ४.२ झालं, तर संपूर्ण मजकूर निवडून एफ९ दाबल्यावर हे उल्लेखही बदलतात.

प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि परिशिष्टांचं काय?

ऋणनिर्देश आणि संदर्भसूची अनुक्रमणिकेत हवेत, पण त्यांना 'प्रकरण' म्हणायचं नसतं. त्यासाठी 'हेडिंग १' वर आधारित एक नवी स्टाइल करा, तिचं नंबरिंग काढून टाका आणि पॅरेग्राफच्या सेटिंगमध्ये 'आउटलाइन लेव्हल' १ ठेवा. वर्डची ऑटोमॅटिक अनुक्रमणिका आउटलाइन लेव्हलही बघते, त्यामुळे हे शीर्षक क्रमांकाशिवाय यादीत येतं.

परिशिष्टांसाठी अनुभवी लोक एक युक्ती करतात. एरवी न वापरली जाणारी 'हेडिंग ७' ही स्टाइल ते परिशिष्टांसाठी राखून ठेवतात. 'मल्टिलेव्हल लिस्ट' मध्ये पातळी ७ तिला जोडायची आणि क्रमांकाच्या रकान्यात फक्त तिचाच अंक ठेवून आधी 'परिशिष्ट' लिहायचं. मग 'कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स' मधल्या 'ऑप्शन्स' मध्ये 'हेडिंग ७' समोर १ लिहायचं. परिशिष्टं अनुक्रमणिकेत प्रकरणांच्या बरोबरीने दिसतात.

सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे कसे द्यायचे?

प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका या पानांना लहान रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ ही नेहमीची पद्धत. त्यासाठी पहिल्या प्रकरणाच्या आधी 'लेआउट' टॅबमधून 'ब्रेक्स' आणि तिथून सेक्शन ब्रेकचा 'नेक्स्ट पेज' पर्याय निवडा. साधा पेज ब्रेक इथे उपयोगाचा नाही. मग पहिल्या प्रकरणाच्या तळटीपेच्या पट्टीवर, म्हणजे फूटरवर, दोनदा क्लिक करून 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा. त्यानंतर 'फॉरमॅट पेज नंबर्स' मध्ये दोन्ही भागांचे आकडे वेगवेगळे ठरवा आणि दुसऱ्या भागाला 'स्टार्ट अॅट' मध्ये १ द्या. अनुक्रमणिका अपडेट केली की हेच आकडे तिथेही येतात.

मराठी मजकुरात येणाऱ्या खास अडचणी

*अक्षराचा आकार बदलत नाही.* वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं. फॉन्टच्या चौकटीत तिच्यासाठी फॉन्ट आणि आकाराचे वेगळे रकाने असतात. हेडिंगची स्टाइल ठरवताना तेही भरा, नाहीतर इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी शब्द लहान राहतात.

*अनुक्रमणिकेत अगम्य अक्षरं दिसतात.* मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर असं होतं. त्या फॉन्टमध्ये संगणकासाठी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त दिसतात मराठी. अनुक्रमणिका स्वतःच्या 'टीओसी' स्टाइलचा फॉन्ट वापरते, त्यामुळे मुखवटा गळून पडतो. तात्पुरता उपाय म्हणजे 'टीओसी १', 'टीओसी २' ला तोच फॉन्ट देणं. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. टायपिंग सेंटरला काम देताना 'युनिकोडमध्येच करा आणि शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या' ही दोन वाक्यं आधीच सांगा.

*१, २, ३ ऐवजी इंग्रजी आकडे येतात.* क्रमांकाच्या आणि पानाच्या आकड्यांच्या प्रकारांची यादी खालपर्यंत पाहा. देवनागरी अंक दिसत नसतील तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' मध्ये हिंदी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. प्रकरण, उपप्रकरण आणि पान या तिन्ही ठिकाणी अंकांचा प्रकार वेगवेगळा निवडावा लागतो.

*'प्रकरण' आणि नाव दोन ओळींत हवं.* मध्ये एंटर दाबलं की दोन शीर्षकं होतात आणि एकाच प्रकरणाला दोन क्रमांक लागतात. ओळ तोडायची असेल तर शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये कसं करायचं?

लिब्रेऑफिस मोफत आहे आणि त्यातही सूत्र तेच.

- शीर्षकांना 'हेडिंग १', 'हेडिंग २' द्या. इथे कंट्रोल आणि १ किंवा २ पुरतं.
- 'टूल्स' मेनूमध्ये 'हेडिंग नंबरिंग' उघडा. जुन्या आवृत्त्यांत याचंच नाव 'चॅप्टर नंबरिंग' आहे.
- पातळी १ ला अंकांचा प्रकार निवडा. पातळी २ ला प्रकार निवडून 'शो सबलेव्हल्स' मध्ये २ द्या, म्हणजे १.१ दिसेल.
- 'इन्सर्ट' मेनूतल्या 'टेबल ऑफ कंटेंट्स अँड इंडेक्स' मधून अनुक्रमणिका टाका.
- बदल झाल्यावर तिच्यावर राइट क्लिक करून 'अपडेट इंडेक्स' निवडा.

मजकुरात क्रमांक आहेत पण अनुक्रमणिकेत नाहीत, असं झालं तर अनुक्रमणिकेच्या 'एन्ट्रीज' टॅबमधली रचनेची ओळ पाहा. तिथे 'ई#' ही खूण हवी. तीच प्रकरणाचा क्रमांक आणते.

हे संदेश दिसले तर?

*'नो टेबल ऑफ कंटेंट्स एन्ट्रीज फाउंड'* : एकाही शीर्षकाला हेडिंग स्टाइल दिलेली नाही. पायरी १ वर परत जा.

*'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड'* : अनुक्रमणिका ज्या शीर्षकाकडे बोट दाखवते, ते मजकुरातून गेलेलं आहे. संपूर्ण टेबल अपडेट करा. हा संदेश छापील प्रतीत गेलेला दिसतो, तो प्रिंटआधी न तपासल्यामुळेच.

*एकत्र जोडलेल्या फाइल्समध्ये क्रमांक बिघडले* : प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल असेल तर पेस्ट करताना 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' निवडा. नाहीतर प्रत्येक फाइलचं वेगळं नंबरिंग सोबत येतं.

छापायला देण्याआधी

संपूर्ण टेबल अपडेट करा. अनुक्रमणिकेतल्या कोणत्याही तीन ओळी निवडा आणि ती पानं प्रत्यक्ष उघडून बघा. मग पीडीएफ करा. वर्डमधून पीडीएफ सेव्ह करताना 'ऑप्शन्स' मध्ये हेडिंगवरून बुकमार्क तयार करण्याचा पर्याय असतो, तोही निवडा. वाचणाऱ्याला डावीकडे प्रकरणांची यादी मिळते. झेरॉक्सच्या दुकानात वर्ड फाइल देऊ नका, पीडीएफच द्या. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर पानं सरकतात, आणि केलेली सगळी मेहनत पुन्हा चुकीच्या पानावर जाते.

पूर्ण प्रबंधाला स्टाइल द्यायला एक दुपार लागेल. पण त्यानंतर कुणी 'मध्ये एक प्रकरण घाला' म्हटलं, तर तुम्हाला फक्त ते प्रकरण लिहावं लागेल.